आबांचं मशीन आणि मेजर शिंदे

मी कुणावरही विश्वास ठेवत नाही, आणि त्यात कुणाचा अपमान करायचा हेतू नसतो. दूधवाला समोर उभा असतानाच मी दुधात बोट बुडवून बघतो. औषधाच्या दुकानात गोळ्यांची पट्टी उजेडात धरतो. आमच्या लग्नात सासऱ्यांनी हातावर बांधलेलं घड्याळ मी मांडवातच कानाला लावून बघितलं होतं. (ते चालू होतं. सासऱ्यांनी मात्र चार महिने बोलणं बंद केलं होतं.)

केजला एका शाळेत मी लिपिक आहे. घरात आम्ही तिघं. मी, बायको सुरेखा, आणि माझे वडील, आबा. आबांची तरुणपणी भीमगीतांची गायन पार्टी होती. जयंतीचा महिना लागला की आबा घरात दिसायचेच नाहीत. आज नांदूरघाट, उद्या युसूफ वडगाव, परवा पार गेवराईकडं चकलांबा. त्या पार्टीचा एक ॲम्प्लिफायर होता, जुना, व्हॉल्व्हचा. आत काचेच्या बाटल्यांसारखे व्हॉल्व्ह, ते तापून लाल झाल्याशिवाय आवाज म्हणून यायचा नाही. आबा त्याला 'मशीन' म्हणायचे. पुढं आबांचा गळा बसला, पार्टी मोडली, आणि मशीन आमच्या माळ्यावर खोक्यात जाऊन बसलं. बारा वर्षं कुणी त्याला हात लावला नव्हता.

मग आमच्या शाळेतल्या एका सरांनी ऑनलाइन जुने स्पीकर घेतले. मी त्यांच्याकडं चहाला गेलो आणि पोह्यांसकट ते स्पीकर माझ्या मनात भरले. घरी येऊन विषय काढला, तर सुरेखा म्हणाली, "आदी घरातली अडगळ काडा. मंग नवी अडगळ आना."

त्या क्षणी मला माळा दिसला.

आबांना विचारावं, असं मनात आलं होतं. नाही असं नाही. पण विचारलं तर ते नको म्हणतील अशी मला शंका होती, आणि शंका आली की मी पुढं विचारत नाही. आबा तेव्हा नांदूरघाटला रशीदचाचांकडं राहायला गेले होते. रशीदचाचा म्हणजे पार्टीतले ढोलकीवाले, आबांचे जुने जोडीदार. सुरेखाही बचत गटाच्या बैठकीला गेलेली. मी ते मशीन माळ्यावरून उतरवलं, उतरवताना कंबर धरली, आणि रिक्षात घालून थेट युसूफ वडगावला मेव्हण्याकडं, बाळूकडं, नेऊन ठेवलं.

"दाजी, आबाला म्हाईत हाय का हे?" बाळूनं विचारलं.

"त्यांनीच सांगितलंय. पण घरात कुणाजवळ बोलू नको. सुरेखाला सरप्राइज द्यायचंय."

एका दमात दोन थापा! वर माळ्यावरचं खोकं रिकामं दिसू नये म्हणून मी त्यात सहा विटा भरल्या. ही माझी स्वतःची कल्पना होती आणि मला तिचा फार अभिमान वाटला.

आता विकायचं कुठं? घाईनं कुठल्याही ॲपवर जाहिरात टाकणारा मी माणूस नव्हे. मी शंभर पानी वही घेतली, तीन रकाने पाडले आणि महिनाभर तीन बाजारांचा अभ्यास केला.

पहिलं ॲप 'देघे'. तिथं गर्दी फार. जाहिरात टाकून मी पाणी प्यायला उठलो तोवर अकरा निरोप. अकराही एकच: "लास्ट किती?" नमस्कार नाही, चमत्कार नाही, वस्तू काय आहे याची चौकशी नाही. एकानं विचारलं, "बदल्यात शेळी चालंल का?" मी गंमत म्हणून विचारलं, "गाभण आहे का?" तर त्यानं शेळीचे चार बाजूंनी चार फोटो पाठवले. (खरं सांगतो, माझ्या मशीनपेक्षा शेळीचे फोटो चांगले होते.) पुढं एकाचा निरोप आला, "मी सैन्यात अधिकारी आहे. सीमेवर असल्यामुळे येऊ शकत नाही. पाठवलेला कोड स्कॅन करा, पैसे लगेच जमा होतील." मी लगेच ओळखलं. सीमेवरच्या माणसाला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर कशाला? रकान्यात लाल पेनानं लिहिलं, 'भामटा'. पण मनातल्या मनात त्याला दाद दिली. सैन्यातला माणूस म्हटलं की समोरचा अर्धा गार होतो!

दुसरा बाजार म्हणजे 'व्हॉल्व्हप्रेमी मंडळ' नावाचा फोनवरचा गट. हे सगळे जाणकार. एकानं विचारलं, व्हॉल्व्ह मूळचे आहेत का बदललेले? दुसरा म्हणाला, व्हॉल्व्हच्या आवाजात जो उबदारपणा असतो तो आजच्या यंत्रात नाही. तिसरा म्हणाला, उबदारपणा हा भ्रम आहे. त्यावरून दोघांची अशी जुंपली की माझं मशीन बाजूलाच राहिलं. मला संशय आला की हे सगळे आपसांत मिळालेले व्यापारी आहेत आणि भाव पाडायला भांडतायत. म्हणून मी नम्रपणे लिहिलं, "प्रथम प्रत्येकाने आपले ओळखपत्र गटावर टाकावे." पाच मिनिटांत मला गटातून काढलं. भांडणारे दोघं त्या बाबतीत मात्र एक झाले.

तिसरं ॲप 'जुनं-सोनं'. हे मात्र मला पटलं. इथं विकणाऱ्याचा नंबर दिसत नाही, घेणाऱ्याचाही दिसत नाही. नाव आपण देऊ ते. सगळं बोलणं ॲपच्या आतच लिहून करायचं. शंकेखोर माणसानंच शंकेखोर माणसासाठी बनवलेलं! मी तिथं खातं उघडलं आणि नाव टाकलं, मेजर शिंदे, निवृत्त. भामट्याकडून घेण्यासारखं जे होतं ते घेतलं.

जाहिरात अशी होती: 'सैन्यातील अधिकाऱ्याने जपून वापरलेला ॲम्प्लिफायर. सुस्थितीत. ठिकाण युसूफ वडगाव.' फोटो फक्त समोरून काढला. समोरच्या पत्र्यावर आबांनी खिळ्यानं स्वतःचं नाव कोरलेलं होतं. मेजर शिंद्यांच्या मशीनवर ते नाव कसं चालेल? मी त्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि मोकळा झालो.

आठ दिवसांनी डॉ. माने नावाच्या गृहस्थांचा निरोप आला. हा माणूस भाव विचारत नव्हता. तिथंच माझे कान टवकारले.

"मशीन तुमच्याकडे किती वर्षे आहे?" डॉ. मान्यांनी विचारलं.

"तीस," मी लिहिलं.

"मागच्या बाजूस डाव्या कोपऱ्यात पोचा आहे का?"

मी हादरलो. मागचा फोटो मी टाकलाच नव्हता! बाळूला फोन करून बघायला लावलं. पोचा होता!

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"अंदाज. चिकटपट्टीच्या खाली काय आहे?"

"चिकटपट्टीच्या खाली काही नाही."

"मग लावली कशाला?"

यावर मी रात्रभर विचार केला. सकाळी लिहिलं, "लष्करी बाब आहे."

"कोणत्या लढाईत होता आपण?" डॉक्टरांचा लगेच प्रश्न.

"तेही सांगता येत नाही."

हा डॉक्टर डॉक्टर नाही, याबद्दल माझी खात्री पटली. ही टोळी असणार. बाळूच्या घरात डोकावून मशीन बघून गेली असणार. शहाण्या माणसानं इथंच जाहिरात काढून टाकली असती. पण मला वाटलं, यांना रंगेहाथ पकडावं. आयुष्यभर मी लोकांवर संशय घेत आलो होतो, पण तो एकदाही खरा निघाला नव्हता. ही संधी सोडायची?

याच दिवसांत घरात काहीतरी कुजबुज चालू झाली. आबा आणि सुरेखा स्वयंपाकघरात हळू बोलायचे आणि मी आलो की गप्प. एकदा मी ऐकलं, सुरेखा म्हणत होती, "मामा, यान्ला कळू देऊ नका बरं." (सासऱ्यांना ती मामा म्हणते.) रशीदचाचाही दोनदा नांदूरघाटहून येऊन गेले. संशय घेणं माझ्या रक्तात आहे, पण इथं मी चुकून चांगला संशय घेतला. पुढच्या महिन्यात मला पन्नास पूर्ण होणार होती. मला वाटलं, बेत चाललाय! मी काहीच न कळल्यासारखं दाखवलं आणि चौकटीचा नवा शर्ट शिवायला टाकला.

डॉ. मान्यांशी भेट ठरली. बाजाराचा दिवस, सकाळी अकरा, युसूफ वडगावचा बसस्टँड, रसवंतीच्या पुढं. बाळूनं पोत्यात गुंडाळलेलं मशीन घेऊन बाकावर बसायचं. मी जरा लांब, लिंबाखाली, मोटारसायकलवर. डोक्यात हेल्मेट, तोंडाला रुमाल, वर काळा चष्मा.

"दाजी, तुमी कावून फुडं येत न्हाईत?" बाळू म्हणाला.

"मी मागून लक्ष ठेवतो. तू फक्त त्याला बोलण्यात गुंतव."

"आन् त्यानं मारलं मंग?"

"मारलं की मी येतोच की!"

बाळू बिचारा जाऊन बसला.

अकराला पाच कमी असताना काळी-पिवळी जीप येऊन थांबली. तिच्यातून एक म्हातारा उतरला. अंगावर कोट, डोक्याला मफलर, डोळ्यांवर चष्मा. ऐन उन्हात कोट! त्याच्यामागं दुसरा थोराड म्हातारा, हातात छत्री. आणि शेवटी तोंडाला पूर्ण स्कार्फ बांधलेली एक बाई. तिघं! मी मनात म्हटलं, टोळीच आहे, आणि बाईपण आणलीय.

कोटवाला बाळूच्या समोर जाऊन उभा राहिला. बाळूनं मान वर केली, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. तेवढ्यात त्या बाईनं पायातली चप्पल काढली.

"मुडद्या! भैनीच्या घरात चोरी करतोस व्हय रं!"

फाट! फाट!

बाळू ओरडला, "अगं... अगं ऐक की..." पण बाई ऐकायच्या तयारीत नव्हती. हेल्मेटात मला फक्त 'चोरी' आणि 'फाट' एवढंच ऐकू आलं. मी ठरल्याप्रमाणे धावलो. पण पळता पळता माझा विचार बदलला. बाळू काय, जवान गडी आहे, चार चपला सोसेल. मशीन गेलं तर? मी सरळ बाकाकडं गेलो, पोतं उचललं, छातीशी धरलं आणि पळत सुटलो.

तेवढं ओझं घेऊन पन्नाशीतला माणूस जे करतो त्याला पळणं म्हणायचं की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. श्वासानं चष्म्यावर धुकं आलेलं. मागून कुणीतरी आरोळी ठोकली, "चोर! चोर!" सबंध बाजार माझ्याकडं वळला. एक कांदेवाली तराजू घेऊन उठली. दहा पावलांवर छत्रीची मूठ माझ्या मानेत अडकली आणि मी जागीच फिरलो.

"पकड्या साले को!" छत्रीवाला म्हणाला. "हेल्मेट निकाल, बे!"

हेल्मेटाचा पट्टा निघेना. दोघांनी डोक्याकडून ओढलं, एकानं खांद्याकडून. मान लांब होत चालली. मी आतून ओरडलो, "मी हाय! मी!"

कोटवाला समोर आला. "मी म्हंजे कोन?"

आणि माझ्या तोंडातून सवयीनं निघून गेलं, "मेजर शिंदे!"

त्याबरोबर कांदेवालीनं तराजू खाली घेतला. मेजर म्हटल्यावर दोन माणसं मागं सरकली सुद्धा. पण स्कार्फवाली बाई माझ्या छातीकडं एकटक बघत होती.

"मामा," ती म्हणाली, "ह्यो शर्ट तर आपल्याच दोरीवर वाळत व्हता."

पट्टा कुणीतरी विळ्यानं कापला. हेल्मेट निघालं. समोर कोट आणि मफलर घातलेले आबा, स्कार्फ सोडलेली सुरेखा, छत्री धरलेले रशीदचाचा. मागं गाल चोळत बाळू. सगळ्यांच्या मधोमध मी, पोतं छातीशी धरून.

पुढं कळलं ते असं. रशीदचाचा जुनी ढोलकी शोधायला 'जुनं-सोनं' बघत होते, तिथं त्यांना माझा फोटो दिसला. मशीनचं एक बटण कधीकाळी हरवलं होतं, तिथं चाचांनीच पेटीच्या सुराचं पांढरं बटण बसवलं होतं. चाचांनी आबांना दाखवलं. आबांनी सुरेखाला माळ्यावर चढवलं, तर खोक्यात विटा! त्यात जाहिरातीत गाव लिहिलेलं युसूफ वडगाव, म्हणजे तिचं माहेर. बिचारीनं आपल्याच भावावर संशय घेतला. मग चोर पकडायला आबाच चाचांच्या फोनवर डॉ. माने झाले. आठ दिवस ती नीट जेवली नव्हती. आणि मला कुणी सांगितलं का नाही? तर 'यान्ला कळलं की हे अख्ख्या गावावर शंका घेतील, माज्या माहेरची अब्रू जाईल', म्हणून.

"ताई, दाजी म्हनले आबाची परवानगी हाय," बाळू म्हणाला. "आन् तुला सरप्राइज द्यायचंय म्हनले."

"मिळालं सरप्राइज," सुरेखा म्हणाली. हातातली चप्पल अजून तिनं खाली टाकलेली नव्हती. मी जरा सरकून उभा राहिलो.

मला वाटलं, आबा आता चार लोकांत माझी सालटी काढतील. काढली असती तर बरं झालं असतं. त्यांनी मशीन बाकावर ठेवायला लावलं, पोतं बाजूला केलं आणि पुढ्यात बसले. कोटाच्या बाह्या मागं सारून त्यांनी नखानं ती चिकटपट्टी सोलायला सुरुवात केली. मी घट्ट लावली होती. ती तुकड्या तुकड्यानं निघत होती. रसवंतीवाल्यानं चरक थांबवला.

"इकायचं व्हतं तर इकायचं," शेवटी आबा म्हणाले. "मी न्हाई म्हनलो नसतो. माजा गळाच न्हाई ऱ्हायला, तर मशीन ठिवून काय करू? पर परकाश, माज्या नावावर काळी पट्टी कावून लावलीस?"

महिनाभर मी प्रत्येक प्रश्नाला काहीतरी थाप मारत आलो होतो. या वेळी नाही मारली. मी म्हणालो, "चुकलं, आबा." पन्नास वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदाच म्हणत होतो, त्यामुळं ते नीट ऐकूही आलं नसावं. मी पुन्हा म्हणालो.

रशीदचाचांनी घसा खाकरला. "वो पोचा दिखाव जरा," ते म्हणाले आणि मशीन फिरवून बघू लागले. "देखो, वहीच है! चकलांब्यामें टेम्पोपरसे मैंच गिराया था. तुम्हारे आबा तीन महिने मेरेसे बात नै करे." आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "तेरेसे तीन दिन में करेंगे. तू बेटा है ना."

मग ते म्हणाले, चालतं का बघू तरी. जाहिरातीत मी 'सुस्थितीत' लिहिलं होतं, पण बटण दाबून बघितलं नव्हतं. (दूध बोट घालून बघणारा माणूस!) रसवंतीवाल्याकडं गिऱ्हाइकांना हाका मारायचा एक माइक आणि भोंगा होता. तारा जोडल्या. सगळा बाजार वाकून बघतोय, काहीच होईना. आबा म्हणाले, "थांबा. त्येला येळ लागतो." हळूहळू आतल्या काचा लाल झाल्या. भोंग्यातून घोंघाव उठला, बाजारातली सगळी शेरडं एकदम उभी राहिली, आणि आबांनी माइक तोंडाजवळ नेला. गळा बसलेलाच होता. पण रशीदचाचांनी बाकावर ठेका धरला, तशी आबांनी एक ओळ उचलली. अर्ध्यात आवाज फाटला. तिथून पुढं कांदेवालीनं उचलली. तिला सगळं गाणं पाठ होतं.

तीन दिवस नाही, आबा पाच दिवस बोलले नाहीत. सुरेखानं भावाला जेवायला बोलावून पुरणाची पोळी खाऊ घातली आणि त्याच्या ताटाशेजारी मला बसवून माफी मागायला लावली. मशीन आता आमच्या पुढच्या खोलीत असतं. दर रविवारी रशीदचाचा येतात, दोघं म्हातारे व्हॉल्व्ह तापेपर्यंत चहा पितात आणि नंतर माझं बातम्या ऐकणं बंद होतं. स्पीकर काही मी घेतले नाहीत. ठेवायला जागाच उरली नाही.

एकदा मी ॲप काढून टाकायला म्हणून उघडलं, तर माझ्या खात्याखाली डॉ. मान्यांचा अभिप्राय लागलेला. आबांनीच चाचांच्या फोनवरून लिहिला होता: 'माल अस्सल निघाला. विकणारा नकली निघाला. माल ठेवून घेतला आहे. विकणारा परत घेता का, ते कळवावे.'

खाली कंपनीचं उत्तर होतं: 'आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व. पन्नास वर्षे वापरलेला नग परत घेतला जात नाही.'

आता 'पन्नास वर्षे' हे कंपनीला कुणी कळवलं, याबद्दल मला सुरेखाचा दाट संशय आहे.